गाडीची परीक्षा खालून करा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘आजवरच्या सर्वांत वाईट गाड्या’ अशा याद्या पुरवण्यांत अधूनमधून येतात आणि मग मोबाइलवर फिरत राहतात. नावं ठरलेली असतात. पूर्व जर्मनीची ट्राबांट, युगोस्लाव्हियाची युगो, अमेरिकेची पिंटो, आपल्याकडची स्टँडर्ड २००० आणि नॅनो. वाचायला मजा येते. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडी घेणाऱ्याला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण या याद्या गाडीचं रूप, पिकअप आणि खप बघून केलेल्या असतात. किनाऱ्यावर गाडी मरते ती पत्रा कुजून, घाटात तापून किंवा खाडीचं पाणी पिऊन. देशावर नावाजलेली गाडी इथे जॅक लावायच्या लायकीची उरत नाही आणि यादीत बदनाम झालेली गाडी इथे निमूट चालत राहते, असं होऊ शकतं.

त्या याद्यांत क्वचितच दिसणारं, पण कोकणी माणसाने लक्षात ठेवावं असं एक नाव आहे, इटलीची लान्सिया बीटा. इंजिन उत्तम, रस्त्यावरची पकडही चांगली. पण इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ज्या चौकटीवर बसवलेलं होतं तिच्या जोडाच्या जागा गंजायच्या. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये कंपनीला अशा गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. नाव गेलं ते कायमचं, आणि १९९४ मध्ये लान्सियाने त्या देशातली विक्रीच थांबवली. बाकी सगळं ठीक, फक्त पाण्याला वाट नसलेली एक जागा, एवढ्यावर गाडी इतिहासजमा झाली. आमच्या मते खरी ‘वाईट गाडी’ ही अशी असते.

ट्राबांटची गोष्ट उलटी. तिचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन जेमतेम २६ हॉर्सपॉवरचं आणि बाहेरचे पत्रे कापसाचा टाकाऊ धागा राळेत दाबून केलेले. सगळे हसतात ते यालाच. पण तो पत्रा गंजत नाही. गंजतो तो आतला लोखंडी सांगाडा, आणि बाहेरून गाडी तुकतुकीत दिसत असल्याने कोणाला पत्ता लागत नाही. बेंगळुरूची सिपानी डॉल्फिन आणि गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म या आपल्याकडच्या फायबर बॉडीच्या गाड्यांनाही हाच नियम लावावा. फायबरची गाडी बघायला गेलात तर बॉडी बघण्यात वेळ घालवू नका. खाली झोपून सांगाडा बघा आणि दाराच्या बिजागरीपाशी तडे आहेत का ते बघा. ट्राबांटचा खरा दोष वेगळाच होता. पेट्रोलची टाकी थेट इंजिनाच्या डोक्यावर. पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरायचं, त्यामुळे पंप नाही आणि पंपाची कटकटही नाही, पण नळी गळली तर थेंब तापल्या इंजिनावर.

पिंटोची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे होती. मागून धडक बसली की टाकीत समोरचे बोल्ट घुसायचे आणि भरायची नळी टाकीतून निसटायची. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावून टाकीपुढे प्लॅस्टिकची ढाल आणि लांब नळी बसवली गेली. कोकणात याच नळीकडे वेगळ्या कारणाने बघावं लागतं. ज्या गाड्यांत ही नळी लोखंडी असते आणि मागच्या चाकाच्या कमानीतून जाते, तिथे चाक सतत तांबडा चिखल मारतं आणि नळी वरच्या अंगाला कुजते. खूण सोपी आहे. टाकी अर्धी असताना काही नाही, फुल केली की पेट्रोलचा वास येतो. टाकीचे पट्टेही तेव्हाच तपासून घ्यावेत.

युगोचं नाव मुख्यत्वे टायमिंग बेल्टने, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-मीट करणाऱ्या पट्ट्याने, घालवलं. बेल्ट सुमारे ६४,००० किलोमीटरला बदलायचा असं कंपनी सांगायची, स्वस्तातली गाडी म्हणून लोक बदलायचे नाहीत. बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळायचा आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवावं लागायचं. यात गाडीचा दोष किती आणि मालकाचा किती? आजही जुनी गाडी घेताना विकणाऱ्याने बेल्ट बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरावं, आणि बेल्टबरोबर टेन्शनर बेअरिंग आणि बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपही टाकावा. मजुरी एकदाच पडते.

आता आपल्या गाड्या. स्टँडर्ड २००० ही १९८५ ची. अंगकाठी ब्रिटिश रोव्हरची, जी तिकडे साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनावरही धावायची. इथे त्यात बसवलं १९९१ सीसीचं जुन्या घराण्यातलं इंजिन. कॉन्टेसाचं तसंच. व्हॉक्सहॉलच्या ऐसपैस बॉडीत सुरुवातीला अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, पुढे इसुझूचं १८०० सीसीचं आलं तेव्हा कुठे गाडीत जीव आला. अवजड अंग आणि दुबळं इंजिन ही जोडी सपाटीवर खपून जाते. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत भरल्या गाडीनिशी दुसऱ्या गिअरवर चढताना गाडीचा वेग कमी, म्हणून रेडिएटरला वारा कमी आणि इंजिनावर भार पूर्ण. काटा चढतो. अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण उघडावा, तो छोट्या रेडिएटरचं काम करतो. तरी काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घ्यावी, आणि रेडिएटरची टोपी हात लावण्याइतकं थंड होईपर्यंत उघडू नये. उकळत्या इंजिनात झऱ्याचं गार पाणी ओतलं की हेडला तडा.

प्रीमियर पद्मिनीला मात्र आम्ही वाईट म्हणणार नाही, तक्रारी ढीगभर असूनही. १०८९ सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. गिअरच्या जोडाचे बूश झिजले की गिअर मध्येच अडकायचा, बॉनेट उघडून हाताने सोडवायचा. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला, नेमाने ग्रीस मारलं नाही तर स्टिअरिंग जड. मे महिन्यात घाट चढताना इंजिनावरच्या पेट्रोल पंपात (गॅरेजात त्याला ‘एसी पंप’ म्हणतात, थंड हवेच्या एसीशी संबंध नाही) पेट्रोलची वाफ धरायची आणि गाडी बंद. त्यावर पंपाला ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं थांबणं हा अख्ख्या किनाऱ्याला माहीत असलेला उपाय. हे सगळे दोष उघडे होते, हाताला लागणारे होते आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत. तिलाही शेवटी खाल्लं ते गंजानेच, पायाखालच्या पत्र्यापासून.

नॅनोबद्दल थोडं. २००९ साली आलेल्या या ६२४ सीसीच्या गाडीने काही ठिकाणी पेट घेतल्यावर २०१० मध्ये कंपनीने आधी विकलेल्या गाड्यांनाही जादा सुरक्षा साहित्य फुकट बसवून देऊ केलं. ते बसवलंय का, हे जुनी नॅनो घेताना विचारा. इंजिन मागे, म्हणून पुढचे टायर बारीक आणि मागचे रुंद, आणि हवाही वेगळी. पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखीच हवा भरतो आणि मग लोक म्हणतात गाडी डुलते. इंजिन मागे असलेल्या अमेरिकेच्या शेव्हरोले कॉर्वेअरलाही हेच भोवलं होतं. तिला पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा सांगितलेली असायची, आणि ते कोणी पाळत नसे. नॅनोचा आकडा तिच्या पुस्तिकेत आहे, तेवढा वाचावा.

पण मूळ मुद्दा पत्र्याचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात खारा वारा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस थांबला तरी पत्र्यावरची ओल जात नाही. वर जांभ्याचा चिखल चाकाच्या कमानीत थापला जातो आणि सप्टेंबरपर्यंत ओला राहतो. दारांच्या आणि दाराखालच्या पोकळ पट्टीच्या तळाला पाणी जायला छिद्रं असतात, ती या चिखलाने बुजतात. सुरूच्या बनाजवळ गाडी लावणाऱ्यांसाठी आणखी एक. सुरूच्या काड्या वायपरखालच्या जाळीतून आत जाऊन तिथली निचऱ्याची वाट बंद करतात, पाणी तुंबून केबिनमध्ये उतरतं आणि मालक म्हणतो काच गळते. काचेला सिलंट मारून काही होत नाही. जाळी काढून कचरा उपसावा.

पावसाळ्याआधी मे महिन्यात सायकलच्या तारेने ही सगळी छिद्रं मोकळी करावीत. अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंजरोधक थर, करायचं तेही मे महिन्यातच, गाडी खालून धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवून, गंजलेल्या जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत घासून आणि एपॉक्सी प्रायमर लावून. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग हे कोटिंग नसल्यापेक्षा वाईट. ओल आत कोंडते आणि वरून काळं छान दिसतं. जळकं ऑइल फवारायची जुनी पद्धत लोखंडाला चालते, पण ते बूश आणि ब्रेकच्या रबरी नळ्यांवर पडलं की रबर फुगतं, ड्रममध्ये शिरलं की ब्रेक लागत नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोटीने गाडी नेली तर रॅम्पवर चाकांखाली उडालेलं पाणी खारं असतं. त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावी. पुळणीवर गाडी घालणाऱ्यांना काय सांगायचं? घालू नका.

जुनी गाडी बघताना फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चाकांच्या कमानीवर आणि दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दाराखालची पट्टी ठोका, टणक आवाज हवा, भद्द नको. जॅक लावायच्या जागी पत्रा दबला तर तिथूनच परत फिरा. बॉनेट उघडून सस्पेन्शनच्या वरच्या टोकाभोवतीचा पत्रा आणि बॅटरीखालचा ट्रे बघा. मग मागचं कार्पेट उचला. विकणारा उचलू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

यापेक्षाही वाईट गाडी म्हणजे पुरातली. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात बुडालेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या. अशी गाडी विमा कंपनीने निकालात काढली तरी पुढे लिलावातून, दुरुस्तीतून ती पुन्हा रस्त्यावर येऊ शकते, आणि आरसीवर पुराची कुठलीच नोंद नसते. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते, कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, हेडलाइटच्या आतली कड बघा. डॅशबोर्डखालचा एखादा कनेक्टर सोडवा, पिनांवर हिरवी पूड असेल तर पुढच्या दोन पावसांत वायरिंगचे भूत मागे लागणार. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. मुळीच न लागणं ही विझण्याइतकी चांगली गोष्ट नाही. गिअर ऑइल दुधाळ आहे का तेही बघा. आधीच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) ४५-५० टक्क्यांवरून एकदम शून्य झाला असेल तर त्याआधीच्या वर्षी बहुधा क्लेम झाला आहे, कशाचा ते विचारा.

आणि आपलीच गाडी बुडाली तर चावी फिरवू नये. पाणी सिलिंडरमध्ये असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जी गाडी वाचली असती ती जाते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, गाडी न्यूट्रलमध्ये उचलून न्यावी, प्लग काढून क्रँक हाताने फिरवावा, म्हणजे पाणी बाहेर येतं. ऑइल आणि फिल्टर बदलून इंजिन काही मिनिटं चालवून ऑइल पुन्हा बदलावं. भरतीचं खारं पाणी शिरलं असेल तर वायरिंगचे कनेक्टर आधी गोड्या पाण्याने धुवावे आणि मग वाळवावे. नुसतं वाळवलं तर मीठ आतच राहतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ३ हा त्याचा प्रकार नवीन असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर १४० अंशांलाही उकळू शकतं, आणि घाट उतरताना पेडल तळाला बसतं. दर दोन वर्षांनी बदलावं आणि ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरावं. पावसाळ्यात रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नये, ड्रममध्ये शू चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा.

तेव्हा आपल्या पुरवणीत पुन्हा अशी यादी छापायची झाली तर गाडीच्या नावापुढे तीन रकाने वाढवावेत, ही विनंती. खालचा पत्रा कुठे कुजतो, पाणी कुठून शिरतं, आणि सुटा भाग एसटीच्या पार्सलने कोल्हापूरहून किंवा मुंबईहून किती दिवसांत येतो. शक्य झाल्यास ती मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात छापावी. जूनमध्ये गाडीखाली झोपता येत नाही.

आपले,
किनाऱ्यावरच्या गॅरेजांतले काही कारागीर,
रत्नागिरी