चावीचं काय केलंस?

देवगड

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

लॅपटॉप गाडीत चोरीला गेला असं फोनवर सांगितलंस आणि लगेच "काळजी नको, फाइली दुसरीकडे आहेत" म्हणालीस. लॅपटॉप गेला तर गेला. तुझे कुलूपबंद मेल उघडणारी ती संगणकातली चावी रद्द केलीस का, विचारलं, तर "बघते." तुझं "बघते" मला शाळेपासून ठाऊक आहे.

क्लिओपात्रा या चाव्यांच्या प्रोग्रॅममध्ये चावी बनवून तू ती थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये नेलीस. तिथे सगळ्यावरचा एक प्रायमरी पासवर्ड लावला होतास ना? तो नसेल, चावीचा वेगळा पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्डही नसेल आणि डिस्कला कुलूप नसेल, तर लॅपटॉप ज्याच्या हाती त्याच्याच हाती चावी. चोराला विकायचाच असेल, हे मलाही कळतं. पण तुला वाळूच्या डंपरांबद्दल ज्यांनी लिहिलं, त्यांची नावं त्या मेलांत आहेत. जेटीवर तुझा लेख मोठ्याने वाचतात, तेव्हा मी चहा घेत गप्प बसतो. छाती फुगते आणि रात्री झोप लागत नाही.

रद्द करण्याच्या दाखल्याचा तू दिलेला कागद काल आईच्या कपाटातून काढला. कडेला पावसाळी डाग आहे, अक्षरं शाबूत आहेत. सुरुवातीच्या पाच रेघांआधी मुद्दाम कोलन घातलाय, चुकून प्रोग्रॅममध्ये आयात होऊ नये म्हणून. तो काढल्याशिवाय दाखला चालत नाही. तुझी पब्लिक चावी, म्हणजे तुला मेल कुलूपबंद करायला लोक वापरतात ती, चाव्यांच्या सर्व्हरवरून उतरवून मी इथूनही रद्द करू शकतो. पण तुझ्या होकाराशिवाय हात लावणार नाही.

बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे, डुप्लिकेट दुसऱ्या शाखेत. किल्ली हरवली की त्याच रात्री वर कळवायचं. शाळा सुटल्यावर तू काउंटरवर बसून विचारायचीस, "किल्ली हरवली तर पैसे कुणाचे?" कॅशियरकाका हसायचे आणि तुला पेढा द्यायचे. दिगूला मात्र नाही, त्याचा राग त्याला अजून आहे.

बघ, भाषण सुरू झालं. माफ कर. तुला हे माझ्याहून जास्त कळतं.

तरी एवढं ऐक. रद्द केल्याने लोक त्या चावीने नवीन मेल पाठवणं थांबवतील, तेही त्यांच्याकडे बातमी पोचली तरच. जुने मेल मात्र चावी असणारा वाचतोच. म्हणून त्या माणसांना आधी फोन कर. मेलचा पासवर्डही बदल. नव्या चावीच्या फिंगरप्रिंटची, म्हणजे तिच्या ओळखखुणेची, चाळीस अक्षरं प्रत्येकाला बोलून जुळवून घ्यायला लाव, मेलने पाठवून भागवू नकोस. जुनी सिक्रेट चावी ज्यात आहे तो पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे, खाऱ्या हवेने त्याच्या टोकाला गंज चढलाय, पण चालतो. तुझे जुने मेल त्यातल्या चावीने उघडतील.

आई विचारते, जेवतेस का. मी विचारतो, रद्द केलीस का. पेनड्राइव्ह मामाबरोबर पाठवू की तू येतेस, कळव. पासफ्रेज मला सांगू नकोस.

तुझे बाबा