मॉनिटर म्हणून टीव्ही विकताना आधी अक्षर दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून करायच्या कामासाठी संगणक घेताना वेगळा मॉनिटर कशाला, टीव्हीच जोडू, असा विचार कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत होतो. त्यात गैर काहीच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठा पडदा घेण्याकडे लोकांचा कल वाढणे स्वाभाविक आहे. मात्र टीव्ही मॉनिटर म्हणून चालेल की नाही हे त्याच्या इंचांवर ठरत नाही, आणि दुकानात गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगितले जातात ते फक्त इंच. या पत्राचे कारण तेवढेच आहे.

मी राजारामपुरीत अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचे काम करतो. दिवसभर पडद्यावर मराठी मजकूर वाचणे हाच व्यवसाय असल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक नवा टीव्ही संगणकाला जोडला की ‘अक्षर फुटतंय, जरा बघून जा’ म्हणून बोलावतात. बहुतेक ठिकाणी तो ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही असतो. त्याच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके (पिक्सेल) असतात, म्हणजे एका इंचात साधारण ४९. याउलट २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२० बाय १०८० ठिपके असल्याने एका इंचात सुमारे ९२ बसतात. पडदा मोठा, पण अक्षर घडवायला ठिपके जवळजवळ निम्मे, अशी ही स्थिती आहे. त्यात संगणकाकडून येणारे चित्र बहुधा ७२० किंवा १०८० ओळींचे असते आणि ते ७६८ ओळींत बसवण्यासाठी टीव्ही त्याला ताणतो किंवा दाबतो. चित्रपट आठ-दहा फुटांवरून पाहताना हे जाणवतही नाही. हातभर अंतरावर बसून वाचताना मात्र प्रत्येक अक्षराची कड धूसर होते.

देवनागरीचे यात अधिक नुकसान होते, कारण आपल्या लिपीत अर्थ फार लहान खुणांवर अवलंबून असतो. बारीक टायपात अनुस्वार एक-दोन ठिपक्यांचा उरतो, रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतली फट बुजते. सातबाऱ्याचा उतारा अशा पडद्यावर उघडला तर १ आणि ९ हे अंक पुन्हा पुन्हा मोठे करून पाहावे लागतात, आणि गट नंबरात असा घोटाळा परवडणारा नसतो. अभ्यास करणाऱ्या मुलाला आपण अंदाजाने वाचतो आहोत हे कळतही नाही. ते फक्त डोळे दुखतात एवढेच सांगते.

घरात टीव्ही आधीच असेल तर काही दोष मात्र पैसा खर्च न करता जातात. खालची पट्टी किंवा खिडकी बंद करायची फुली पडद्याबाहेर गेली असेल तर टीव्ही चित्राच्या कडा कापतो आहे असे समजावे. जुन्या काचेच्या टीव्हींत चित्राच्या कडा स्थिर नसत, म्हणून त्या चौकटीआड लपवण्याची पद्धत पडली आणि ती सपाट पडद्यांतही राहून गेली. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय निवडला की चित्र पूर्ण दिसते. शार्पनेस कमी करावा, कारण तो वाढवला की शिरोरेषेभोवती पांढरी झालर उमटते, जी अनेकांना अक्षराचाच दोष वाटते. माऊस हलवल्यावर बाण मागे रेंगाळत असेल तर गेम मोड लावावा. त्याने टीव्ही चित्रावर करत असलेली प्रक्रिया कमी होते.

रंगीत अक्षरांचा प्रश्न वेगळा आहे. मानवी डोळ्याला उजेडातला बारीक फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून चित्रपटांत आणि प्रसारणात रंगाचा तपशील कमी ठेवला जातो. कित्येक टीव्ही संगणकाच्या चित्रालाही तोच न्याय लावतात आणि मग निळ्यावरचे लाल अक्षर पसरलेले दिसते. संगणकाची केबल टीव्हीला जिथे लावतो त्या एचडीएमआय जोडणीला सेटिंगमध्ये ‘पीसी’ हे नाव दिले की काही टीव्हींत हा दोष जातो. सगळ्यांत जात नाही, म्हणून खरेदीआधीच पाहणे शहाणपणाचे.

मोठे टीव्ही सरसकट वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ४३ इंची फोर-के टीव्हीवर ३८४० बाय २१६० ठिपके असतात, म्हणजे इंचाला शंभराहून थोडे जास्त, आणि त्यावर मराठी मजकूर उत्तम वाचता येतो. उद्यमनगरात कास्टिंगची ड्रॉइंग पाहणाऱ्यांना किंवा लांबलचक हिशेबाचे तक्ते उघडणाऱ्यांना तो खरोखर सोयीचा ठरेल. फक्त लॅपटॉपची एचडीएमआय जोडणी जुन्या १.४ प्रतीची असेल तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माऊसचा बाण अडखळतो. ६० वेळा बदलण्याची सोय २०१३ मध्ये आलेल्या २.० पासून आहे. शिवाय हा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, तेव्हा टेबल खोल हवे. भिंतीवर उंच टांगलेल्या टीव्हीकडे मान वर करून तासन् तास काम करण्याचा हट्ट तर कोणीच धरू नये. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी.

आपल्या दैनिकामार्फत शहरातल्या टीव्ही विक्रेत्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक टीव्हीजवळच्या किमतीच्या पाटीवर इंचांच्या शेजारी पडद्याचे खरे ठिपके मराठीत लिहावेत. ‘फोर-के चालतो’ आणि ‘पडदा फोर-के आहे’ यांत मोठा फरक आहे, कारण कमी ठिपक्यांचे काही पडदेही फोर-के चित्र स्वीकारतात आणि लहान करून दाखवतात. दुकानात एक लॅपटॉप आणि एक एचडीएमआय केबल कायम ठेवावी आणि संगणकासाठी टीव्ही मागणाऱ्याला निसर्गदृश्यांच्या चकचकीत चित्रफितीऐवजी बारा पॉइंटातले मराठी पान उघडून दाखवावे. गिऱ्हाइकाला त्यासमोर खुर्ची द्यावी आणि पाच मिनिटे वाचू द्यावे. पालकांनीही हे संकोच न करता मागावे, आणि जिथे दाखवायला नकार मिळेल तिथे मॉनिटर म्हणून टीव्ही घेऊ नये.

आपला,
एक अक्षरजुळणीकार,
राजारामपुरी, कोल्हापूर