परवानगीतला सहा आणि रिव्हॉल्व्हरवरचा आठ

दि. २० जानेवारी २०२५

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
शस्त्रविक्री दुकान, पुणे शाखा

विषय : .३२ रिव्हॉल्व्हरचा चुकीचा क्रमांक कळवल्याने वाया गेलेली वाहतूक परवानगी, आणि वर आलेले ‘सेफ कस्टडी’चे बिल

महोदय,

स. न. वि. वि. यातला ‘सप्रेम’ केवळ रीत म्हणून लिहिला आहे.

गेल्या आठवड्यात आपल्याकडून रजिस्टर पोस्टाने एक लखोटा आला. मला वाटलं, उशिरा का होईना, माझ्या पत्रांना उत्तर आलं. उघडलं तर आत बिल. ऑक्टोबर ते जानेवारी, चार महिने रिव्हॉल्व्हर आपल्या तिजोरीत सांभाळल्याचं भाडं, दरमहा पाचशेप्रमाणे दोन हजार रुपये. शिवाय ‘पंधरा दिवसांत शस्त्र न नेल्यास पुढील आकारणी दुप्पट दराने’ असा शिक्का. आतापर्यंत मी फोनवर आणि साध्या पत्रांनी विनंती करत होतो. हे बिल पाहिल्यावर रीतसर लेखी तक्रार करायचं ठरवलं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा सराफ. दागिने हॉलमार्कसाठी सोलापूरला न्यावे लागतात, आणावे लागतात. एकदा रस्त्यात दोन मोटारसायकली मागे लागल्या, तेव्हापासून घरच्यांनी शस्त्र परवान्याचा धोशा लावला. अर्ज, ठाण्यातली चौकशी, पोलीस अधीक्षकांचा अहवाल, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, सगळं रीतसर झालं आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांनी परवाना दिला. त्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, आहे, शस्त्राचा प्रकार ‘रिव्हॉल्व्हर, .३२ बोअर’ असा आहे आणि कार्यक्षेत्र ‘महाराष्ट्र राज्य’ असं आहे. हे तीनही शब्द मी जून २०२४ मध्ये आपल्या शाखेत येऊन आपल्या विक्री प्रतिनिधीला परवान्यावर बोट ठेवून दाखवले होते. त्याने छायाप्रतही काढून घेतली.

तेव्हा तो काय म्हणाला ते सांगतो. माल पुण्यात नाही, कानपूरच्या आपल्या मुख्य दुकानात आहे. ‘तुम्ही फक्त जाऊन घेऊन यायचं. परवाना खिशात आहे ना, मग कोण विचारतंय? बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवा.’ मी विचारलं, माझा परवाना महाराष्ट्राचा, कानपूर उत्तर प्रदेशात, मधे मध्य प्रदेश लागतो, त्याचं काय? तर हसला. साहेब, शस्त्र विकणाऱ्या दुकानातल्या माणसाने असा सल्ला द्यावा? कार्यक्षेत्राबाहेर शस्त्र बाळगणं म्हणजे परवान्याच्या अटीचा भंग. आणि परवान्यावर किंवा परवानगीवर ज्याचा क्रमांकच नाही, असं शस्त्र जवळ सापडलं तर शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्राला किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. कपड्यांच्या खाली ठेवल्याने त्यातला एक दिवसही कमी होत नाही.

म्हणून मी सरळ मार्ग धरला. आमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गृह शाखेत गेलो. तिथल्या अव्वल कारकुनांनी नीट समजावून सांगितलं. खरेदी बाहेरच्या राज्यात असेल तर शस्त्र आणण्यासाठी वेगळी परवानगी काढायची. तीत मार्ग, मुदत, शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि शस्त्राचा क्रमांक लिहिलेला असतो. त्यासाठी दुकानदाराचं कोटेशन क्रमांकासह आणा, बाकी आम्ही बघतो, म्हणाले. या कामात मला सरकारी कार्यालयाने नव्हे तर दुकानदाराने हेलपाटे घालायला लावले, हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं.

क्रमांक द्यायला आपल्या शाखेने पूर्ण रक्कम मागितली. एक लाख आठ हजार रुपये, अठ्ठावीस टक्के जीएसटीसह. (मी सोन्यावर तीन टक्के लावतो तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. असो, तो कर तुम्ही ठरवलेला नाही.) रक्कम १५ जुलैला भरली. कोटेशन आलं ९ ऑगस्टला, आणि त्यात लिहिलं होतं ‘पिस्टल’. आमच्या गावात कमरेला लावायच्या प्रत्येक वस्तूला लोक पिस्तूलच म्हणतात, ते चालतं. दुकानदाराने म्हणून कसं चालेल? पिस्तुलाला मॅगझिन, रिव्हॉल्व्हरला फिरतं चक्र. दोन्ही .३२ म्हणवतात, पण पिस्तुलाचं काडतूस आखूड आणि रिव्हॉल्व्हरचं लांब, एकाचं दुसऱ्याला लावायचं नसतं. गृह शाखेने कोटेशन परत केलं, ते बरोबरच केलं. दुरुस्त कोटेशन मिळवायला मला पुण्याला दोन खेपा माराव्या लागल्या, त्यातली एक गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी. आमच्या धंद्यात त्या दिवशी दुकान सोडणं म्हणजे काय, हे एखाद्या सराफाला विचारा.

तरी १९ सप्टेंबरला परवानगी हातात पडली. मुदत २३ सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर, मार्ग कानपूर ते माझं गाव, रेल्वेने. मुदत मी मुद्दाम पितृपक्षातली मागून घेतली होती. पितृपक्षात सोनं कोणी घेत नाही, सराफकट्टा ओस असतो, तेवढेच चार दिवस माझ्यासारख्याला बाहेर पडता येतं. मेव्हण्याला बरोबर घेतलं. कुर्डुवाडीहून रात्रीच्या गाडीने मुंबई, मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस, २६ तारखेला सकाळी कानपूर. येतानाचा सगळा रस्ता मी परवानगीबरोबर नकाशात पडताळून ठेवला होता. ललितपूर मागे पडलं की मध्य प्रदेश, बऱ्हाणपूर सुटून रावेर आलं की आपलं राज्य. रिकामं रिव्हॉल्व्हर कुलपाच्या पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, कागदांच्या तीन प्रती तीन खिशांत. एवढी तयारी मी मुलीच्या लग्नाच्या दागिन्यांनाही केली नव्हती.

आता मुख्य गोष्ट.

कानपूरच्या दुकानात पेटी समोर आली. खाकी पुठ्ठ्याची, कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर टाइप केलेला क्रमांक. तो माझ्या परवानगीशी तंतोतंत जुळत होता. काउंटरवरच्या माणसाने पावती पुढे सरकवली आणि म्हणाला, सही करा. मी म्हणालो, आधी वस्तू बघू. आमच्याकडे कुणी हॉलमार्कचं कार्ड दाखवलं तर आम्ही कार्डावर विश्वास ठेवत नाही, दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, भिंगाखाली धरतो. तीच सवय. रिव्हॉल्व्हर तेलात चिंब होतं, क्रमांकाच्या खोदकामात ग्रीस गच्च बसलेलं. मी रुमालाने पुसलं, खिशातलं दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं आणि दिव्याकडे वळलो. शेवटून दुसरा आकडा. चिठ्ठीवर इंग्रजी सहा. लोखंडावर इंग्रजी आठ. वरचा गोल पूर्ण मिटलेला, अगदी स्वच्छ. मी भिंग मेव्हण्याकडे दिलं, तो म्हणाला आठ. आपल्या माणसाकडे दिलं, तो आधी काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘हां, आठच आहे.’

आत जाऊन तो दुसऱ्या माणसाला घेऊन आला, बहुधा तिथले व्यवस्थापक. त्यांनी नोंदवही काढली. नोंदवहीतही आठ. म्हणजे वस्तू बरोबर, नोंद बरोबर, चूक फक्त चिठ्ठी टाइप करणाऱ्याची. त्या चिठ्ठीवरून पुणे शाखेने कोटेशन केलं आणि कोटेशनवरून माझी परवानगी निघाली. शस्त्राकडे एकानेही पाहिलं नाही. हे कबूल करण्याऐवजी त्या गृहस्थांनी काय सुचवावं? म्हणाले, ‘परवानगीवर सहा का आठ कर लीजिए, पेन से एक लकीर की बात है.’

एका रेघेची गोष्ट! जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने रेघ ओढायची, आणि मग ते शस्त्र घेऊन तीन राज्यांतून यायचं. वाटेत बॅग तपासली गेली तर शस्त्र परवानगीबाहेरचं आणि वर सरकारी कागदात खाडाखोड. ती रेघ मी ओढली नाही. रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं, पावतीवर सही केली नाही, आणि क्रमांक जुळत नसल्यामुळे ताबा घेतला नाही असं एका कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घेतली. सही द्यायला त्यांनी पाऊण तास लावला. ती मी सोबत जोडली आहे.

रात्र लॉजमध्ये काढली, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. रिकामी कुलपाची पेटी मांडीवर घेऊन मेव्हणा झाशीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पुढचं थोडक्यात. सुधारित क्रमांकाचं पत्र आपण ताबडतोब दिलं असतं तर त्याच मुदतीत नाही, तरी दसऱ्याआधी नवी परवानगी होऊ शकली असती. मी ३० सप्टेंबरला ईमेल केला, ४ ऑक्टोबरला स्वतः शाखेत आलो. आपलं पत्र १४ ऑक्टोबरला मिळालं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत लोकांची हातातली शस्त्रं ठाण्यात जमा होतात, तिथे माझं नवं शस्त्र परराज्यातून आणायची परवानगी कोण देणार? निकाल २३ नोव्हेंबरला लागला. डिसेंबरात पुन्हा गृह शाखेत गेलो. त्यांनी रास्त प्रश्न विचारला: आधीच्या परवानगीत एक क्रमांक, आता दुसरा, दुकानदाराचा लेखी खुलासा कुठे आहे? आपल्या पत्रात खुलासा नाही. ‘सुधारित क्रमांक पुढीलप्रमाणे’ एवढंच आहे, चूक कोणाची आणि का झाली याबद्दल अक्षर नाही. माझा अर्ज तिथेच अडकून आहे. खुलाशासाठी मी आपल्याला दोन पत्रं टाकली. त्यांची पोच मिळाली, उत्तर नाही.

आणि या काळाचं भाडं आपण मला लावता. साहेब, माझ्या परवानगीत ज्याचा क्रमांक होता ते रिव्हॉल्व्हर या जगात आहे की नाही, मला माहीत नाही. आपल्या तिजोरीत आहे ते आपलं. त्याचा ताबा मी घेतलेला नाही, ठेव म्हणून ते आपल्याकडे दिलेलं नाही. ठेवलेल्या वस्तूचं भाडं असतं. न दिलेल्या वस्तूचं भाडं मागायची रीत मी सराफीच्या तीस वर्षांत कुठे पाहिली नाही.

रिव्हॉल्व्हरबद्दल माझी तक्रार नाही, तेही लिहून ठेवतो. हातात चांगलं बसलं होतं, चक्र गुळगुळीत फिरत होतं, सहाही घरं स्वच्छ. कारागिरी कळते मला.

आता माझं मागणं. आपल्याकडे विक्रेत्याचा परवाना आहे, कानपूरहून पुण्याला माल आपण नेहमीच आणता. ते रिव्हॉल्व्हर आपण आपल्या जबाबदारीवर, आपल्या कागदांवर पुणे शाखेत आणा. पुणे ते माझं गाव हा प्रवास माझ्या परवान्याच्या कार्यक्षेत्रात येतो. मी येईन, भिंग लावीन, क्रमांक जुळला तर सही करून घेऊन जाईन आणि परवान्यावर नोंद करून घेईन. त्याचबरोबर चुकीचा पूर्ण खुलासा जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे, कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह द्या. पहिल्या क्रमांकाबद्दल उद्या कोणी मला विचारायला नको. कानपूरच्या फेरीचा दोघांचा खर्च अकरा हजार चारशे रुपये झाला, तिकिटं आणि लॉजची पावती जोडली आहे, तो द्यावा. पुण्याच्या खेपांचे पैसे मागत नाही, तो माझ्या भाबडेपणाचा दंड समजतो. यातलं काहीच जमत नसेल तर एक लाख आठ हजार पूर्ण परत करा. कसलीही ‘प्रक्रिया फी’ कापलेली मी मान्य करणार नाही.

पंधरा दिवसांची मुदत आपणच शिक्का मारून मला दिली होती, तीच मी आपल्याला देतो. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्यासाठी मला कानपूरला जावं लागणार नाही, आपल्याला मात्र सोलापूरला यावं लागेल. परवानगीवर रेघ ओढण्याचा सल्ला दिला गेला, हेही त्या तक्रारीत शब्दशः असेल.

उत्तर मराठीत दिलंत तरी चालेल, हिंदीत दिलंत तरी चालेल. फोनवर नको.

दोन हजारांचं मूळ बिल या पत्रासोबत परत पाठवत आहे.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : परवान्याची छायाप्रत, दोन्ही कोटेशन, संपलेली वाहतूक परवानगी, २६ सप्टेंबरचा सहीचा कागद, प्रवासाची तिकिटं व पावती, आणि आपलं बिल.