मुंबई दर्शनात लेण्यांनाही स्थान हवे

महोदय,

सुट्ट्यांच्या दिवसांत राज्यभरातून मुंबई पाहायला येणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला बहुतेक वेळा एका दिवसाचे ‘मुंबई दर्शन’ येते. गेटवे ऑफ इंडिया, मरिन ड्राइव्ह, मलबार हिलवरील उद्यान, हाजी अली आणि सागरी सेतू असे करत बस जुहूला पोहोचते, वाटेत चित्रपट कलाकारांचे बंगले खिडकीतून दाखवले जातात आणि सहल संपते. या ठिकाणांचे महत्त्व मी नाकारत नाही. १९२४ साली पूर्ण झालेले गेटवे किंवा २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत प्रत्येकाने पाहावी अशीच आहे. मात्र या दर्शनातील बहुतेक वास्तू गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या असल्याने मुंबईचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होतो, असा समज घेऊन मुले घरी परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा असल्यामुळे निदान नावाने तरी सर्वांना ठाऊक आहेत. पण बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी अनेक मुंबईकरांनीही पाहिलेली नसते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काळ्या पाषाणात कोरायला सुरुवात झालेली शंभराहून अधिक बौद्ध लेणी येथे आहेत. कल्याण, सोपारा, चौल येथील दात्यांचे उल्लेख तिथल्या शिलालेखांत सापडतात, म्हणजे कोकणच्या बंदरांतील व्यापारानेच या विहारांना आधार दिला होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, ओसरीतील बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती तर पाहाव्यातच. पण मला त्याहून अधिक मोलाची वाटते ती पाण्याची व्यवस्था. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी कोरीव पन्हळींतून विहारांलगतच्या पोढींमध्ये, म्हणजे खडकात कोरलेल्या टाक्यांमध्ये, साठवले जाई आणि भिक्षूंना ते वर्षभर पुरे. पाण्याच्या नियोजनाचा असा धडा शाळेच्या सहलीला दुसरीकडे कुठे मिळेल? नव्वदाव्या लेण्यात तर अकराव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी या प्राचीन इराणी लिपीतील लेखही आहेत.

जोगेश्वरीचे सहाव्या शतकातील भव्य शैव लेणे आणि अंधेरीजवळील महाकाली, म्हणजेच कोंडिवटे लेणी आता दाट वस्तीने वेढली आहेत. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात नटराजाचे शिल्प आहे, भिंतीवर पोर्तुगीज काळात कोरलेला क्रूस आहे आणि वर त्याच काळातील मठाचे अवशेष उभे आहेत. एकाच खडकावर इतका इतिहास दिसावा, अशा जागा फार थोड्या असतात.

ही ठिकाणे आडवळणी असल्याची सबब आता टिकणारी नाही. मेट्रो ७ वर ‘राष्ट्रीय उद्यान’ आणि मेट्रो २ अ वर ‘मंडपेश्वर’ अशी स्थानकेच आहेत. त्यामुळे पर्यटन विकास महामंडळ, महानगरपालिका आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी एकत्र येऊन निदान शनिवार-रविवारी या लेण्यांसाठी स्वतंत्र बसफेरी सुरू करावी, मेट्रो स्थानकांवर ठळक दिशादर्शक फलक लावावेत आणि प्रत्येक लेण्यापाशी सविस्तर मराठी माहितीफलक, पिण्याचे पाणी व स्वच्छ प्रसाधनगृहे असतील याची काळजी घ्यावी. इतिहास व पुरातत्त्व शिकणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणींना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण दिल्यास त्यांना रोजगार मिळेल आणि पर्यटकांना केवळ छायाचित्रे काढून परतावे लागणार नाही.

जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की कान्हेरी आणि घारापुरी ही दोन्ही लेणी सोमवारी बंद असतात. उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी बरीच आत असल्यामुळे ज्येष्ठांना सोबत घेऊन निघायचे असेल, तर सकाळी लवकर जाणे आणि आतील वाहनाची सोय आधी पाहणे इष्ट. पावसाळ्यात झरे सुंदर दिसतात, पण पायऱ्या निसरड्या होतात. लहान मुलांसाठी हिवाळाच बरा.

– एक वाचक, मुंबई