टीबीच्या गोळ्यांसोबत ताटाकडेही बघा

संपादक साहेब, नमस्कार. मी गोवंडीत राहते, समोरची बिल्डिंग एवढी चिकटून आहे की भर दुपारी पण ट्यूबलाइट लावावी लागते, आणि शेजारच्या पोराला दुसऱ्यांदा टीबी झालाय. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत अ‍ॅडमिट झाल्यावर 5 लाखांपर्यंत खर्च हॉस्पिटलला मिळतो, पण घरात ऊन नाही, ताटात डाळ नाही त्याचं काय? टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षयचे पैसे महिन्याला 500 चे 1000 झाले, चांगलंच झालं, पण अंडी-दूध तेवढ्यात किती दिवस पुरणार? झारखंडच्या अभ्यासात टीबी पेशंटच्या घरच्यांना पोषक रेशन दिलं तर त्यांच्यात नवीन टीबी जवळपास 40 टक्क्यांनी कमी झाला (2023 ला छापून आलंय), मग हे रेशन महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमधेच (हॉस्पिटलला उपचारासाठी मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेत) धरा ना, आणि घरात दुसरा पेशंट झाला नाही तर दवाखान्याला जास्त पैसे द्या.

– एक वाचक, गोवंडी