पिवळ्या रेनकोटवाले दादा, तुमची लेन्स कॅप आमच्याकडे आहे

नमस्कार दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय. मागच्या रविवारी इंदूरजवळच्या पातालपानी-कालाकुंड हेरिटेज ट्रेनमधे पिवळा रेनकोट आणि गळ्यात मोठा कॅमेरा ते तुम्ही, आणि तुमच्याजवळ येऊन बसलेले पांढऱ्या टोपीतले आजोबा ते माझे बाबा.

चूक माझीच होती. कालाकुंडला गाडी थांबली, पोरांना कलाकंद हवा, तो पळसाच्या पानातला, तिथे ही गर्दी, मी बाबांना म्हटलं इथेच बाकावर बसा हं, आणि पैसे देऊन वळते तर बाक रिकामा. बाबांना दीड वर्षापासून विसरायला होतं, घरी ठीक असतात पण नवीन जागी गडबडतात, आणि इथे तर आजूबाजूला जंगल, चोरल नदीला पाणी. माझे हातपायच गळाले. हे डबे शोधतायत, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतेय, हातात कलाकंद तसाच.

आणि तुम्ही दोघं इंजिनाजवळ दगडावर बसून निवांत गप्पा मारताय!

बाबा अकोल्याच्या आजोळचं सांगत होते. इंदूरहून खंडवा, खंडव्याहून अकोला, सगळी छोटी लाईन, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची मीटर गेज, येताना कालाकुंडला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लागायचं, आणि आजी पुरी-भाजीचा डबा नेमका तेव्हाच उघडायची, कारण घाटात गाडी इतकी हळू चालते की काही सांडत नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं हो. सकाळी पोहे खाल्ले की नाही ते आठवत नाही माणसाला, आणि हे आठवतं. मग होळकरांचा 1 कोटी आलाच, तुकोजीरावांनी या लाईनीसाठी इंग्रजांना साडेचार टक्क्याने 101 वर्षांसाठी कर्ज दिलं तो. आमच्याकडे तो महिन्यातून चारदा येतो. माझ्या देखत तुम्ही दोनदा ऐकलात आणि दुसऱ्यांदाही "अरे वा, काय सांगता!" म्हणालात. आमच्या घरात एवढा पेशन्स कुणाकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच.

तेवढ्यात तिकडे परतीसाठी इंजिन जोडायला घेतलं. तुम्ही एकदा कॅमेऱ्याकडे बघितलंत, एकदा बाबांकडे (त्यांनी तुमची बाही घट्ट धरलेली होती), आणि बसूनच राहिलात. माझ्या लेकाने नंतर सांगितलं की तो दादा खास ते कपलिंग शूट करायलाच आला होता, सकाळी पातालपानीला त्यानेच इंजिनाचं सगळं समजावलं, वायडीएम-4 म्हणजे वाय मीटर गेजचा, डी डिझेलचा, एम म्हणजे पॅसेंजर आणि माल दोन्ही ओढणारं, आत अल्को या अमेरिकन कंपनीचं सहा सिलिंडरचं मशीन. तेव्हापासून कार्टं घरभर हॉर्न वाजवत फिरतंय, त्याचे आभार मात्र मानणार नाही.

डब्यात चढवतानाही तुम्हीच होतात. फलाट खाली, पायरी उंच, बाबांचा उजवा गुडघा वाकतच नाही. आम्ही दोन्हीकडून ओढत होतो, तुम्ही म्हणालात, "काका, आधी डावा पाय, दांडा धरा, मी मागे आहे." चढले की! वर पोचल्यावर मला म्हणतात कसे, "बघ, मागून बँकर लावला."

घाट चढताना बाबा खिडकीशी, इंजिनाचा आवाज असा भरून येत होता की बोगद्यात छातीत धडधडत होतं, आणि ते बोटांवर बोगदे मोजत होते. चार. बरोबर मोजले.

पातालपानीला उतरल्यावर तुम्हाला शोधलं पण गर्दीत दिसला नाहीत. रात्री बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून तुमची लेन्स कॅप निघाली, सोबत अर्धा कलाकंद, त्यामुळे कॅप जरा चिकट झाली होती, कोमट पाण्याने धुतलीये. ती कुणाची हे बाबांना सांगता येत नाही, पण कपाटात ठेवली की परत काढून खिशात घालतात.

येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तिकिटं काढलीयत. तुम्ही येणार असाल तर पातालपानीला इंजिनाजवळच उभे राहा, यावेळी बाबांचा हात मी धरते आणि तुम्ही तुमचं शूटिंग करा. पुरी-भाजी आणतेय, घाटात खाऊ.