अंधारात हाताला लागेल असा पंप

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी सॅक मी उघडलेली नाही, चिठ्ठी फक्त वरच्या कप्प्यात सारली. पण सारताना तुझा दम्याचा निळा पंप हाताला लागला नाही. म्हणजे तो खाली कपड्यांत कुठेतरी आहे. आधी तो काढ. काजवे बघताना राजमाचीला कुणी टॉर्च लावू देणार नाही. मिट्ट काळोखात, खोकल्याची उबळ आलेली असताना सॅकच्या तळातून मोजे उपसत बसणार का? पंप कमरेच्या पाऊचमध्ये ठेव, झाकण लावून, आणि त्या पाऊचमध्ये दुसरं काही नको. मागच्या सहलीत तो तू उघडाच चिक्कीच्या पुडीत ठेवला होतास. तोंडाशी शेंगदाण्याची सालं अडकली होती. तसाच ओढला असतास, तर ती थेट छातीत गेली असती.

पवनेच्या काठावरची ती रात्र मी विसरलेलो नाही. बाकीच्या पोरींची झोप मोडायला नको म्हणून तू रात्रभर खोकत बसलीस आणि उजाडल्यावर फोन केलास, तेव्हा तुझं साधं वाक्य पुरं व्हायला दोन श्वास लागत होते. तिथे गाडी तंबूपर्यंत येत होती. राजमाचीच्या उधेवाडी गावापासून लोणावळा हा जवळजवळ पंधरा किलोमीटरचा कच्चा रस्ता, आणि वळवाचा पाऊस पडून गेला की जीपही रुतते. तिथे कळ काढायची नाही. छाती भरल्यासारखी वाटली तर संध्याकाळीच सांगायचं, उजेड असताना. रात्री दोनला सांगण्यात शहाणपणा नाही.

धुराचं तर तुला ठाऊकच आहे. पावसाने भिजलेली लाकडं चुलीत जास्तच धुमसतात; पिठलं-भाकरी ओटीवर मागून घे, चुलीपुढे बसू नकोस. शेकोटी केलीच तर वारा पाठीवर घेऊन बस. पण मला खरी भीती आहे ती डासांच्या कॉइलची. कुणीतरी प्रेमाने ती तंबूच्या आत पेटवतं आणि चेन लावून घेतं! अंगाला मलम लावा म्हणावं. भाड्याच्या स्लीपिंग बॅगला कुबट वास असतो, म्हणून घरची चादर दिली आहे.

सकाळ-संध्याकाळचा पंप चुकवू नकोस, आणि त्यानंतर चूळ भर. राजमाचीचा श्रीवर्धन किल्ला चढण्याआधी पंधरा मिनिटं निळ्या पंपाचे दोन दाब घे, डॉक्टरांनी सांगितलेत तसे. आत्या म्हणते पंपाची सवय लागते. लागू दे. चष्म्याचीही लागते.

तंबूतल्या एकीला तरी आधीच दाखवून ठेव. धाप लागली तर आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं. स्पेसरमध्ये, म्हणजे पंपाला लावायच्या नळकांड्यात, निळ्या पंपाचा एक दाब, चार श्वास. असे चार दाब. चार मिनिटं थांबायचं. उतार नाही पडला तर पुन्हा चार. तरीही बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर 108 लावा आणि ज्यांच्या अंगणात उतरलात त्यांना उठवा. जीप येईपर्यंत चार-चार दाब चालू ठेवायचे.

हे सगळं मी तुझ्या आईला शिकवत होतो, तेव्हा ‘हे बघ असं’ करत तुझ्या जुन्या पंपाचे इतके दाब हवेत उडवले की आकडा शून्यावर आला. गंमत म्हणजे शून्यानंतरही तो फुस्स करतो, औषधाचा मात्र भरवसा नसतो. म्हणून टेबलावर नवा ठेवला आहे, 200 दाबांचा. सॅकमधल्याऐवजी तोच पाऊचमध्ये ने. स्पेसर मोठा आहे, सगळ्यांना दिसतो, म्हणून तू तो टाळतेस हेही मला कळतं. तरी ने.

तुझा,
बाबा

ता. क. रविवारी लोणावळा स्टेशनवर घ्यायला येतो. मैत्रिणींसमोर लाज वाटत असेल तर लांब उभा राहून चहा पितो.